स्पेसर बसवल्यावर चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल होतात, तेव्हा काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच नटांची गाडी, स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट चढवायचे आट्यांचे दांडे) १२ मिमीचे, १.५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी. मागच्या दोन्ही चाकांना २० मिमीचे बोल्ट-ऑन स्पेसर बसवले, म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्यामध्ये ठेवायच्या, स्वतःचे स्टड असलेल्या जाड चकत्या. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्याने, ११० न्यूटन-मीटरला आवळले. तीनशे किलोमीटरनंतर मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरतील इतके सैल निघाले. पुन्हा आवळले, पुन्हा तेच. आता हळू वेगात ब्रेक मारताना मागून ‘टक’ असा आवाज येतो. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंय की नटांना थ्रेडलॉकर (आटे चिकटवून नट फिरू न देणारा द्रव) लावावा, वर दुसरा नट चढवावा की टॉर्क वाढवून १४० ला आवळावं.

आधी तातडीचं सांगतो. ही गाडी आता चालवू नका. ‘टक’ आवाज येतोय म्हणजे चाक हबवर सरकतंय, आणि प्रत्येक सरकण्यात स्टड वाकून परत सरळ होतायत. स्टड असे थकतात आणि मग एकामागून एक तुटतात. पहिला तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, आणि तिथून पुढे फार वेळ मिळत नाही. गाडी गॅरेजला न्यायची असेल तर स्पेसर काढा, मूळ नटांनी चाक थेट हबवर बसवा आणि स्टड धड दिसत असतील तरच हळू न्या. नाहीतर गाडी उचलून न्या.

तुमच्या तिन्ही उपायांना माझं उत्तर नाही असं आहे. कारण समजलं तर पुढचं सगळं तपासणं सोपं जाईल, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

चाक स्टडवर ‘टांगलेलं’ असतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा ताणला जातो, आणि त्या ताणाने चाक हबवर दाबलं जातं. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, वळणावरचा ढकला हे सगळं या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने पेललं जातं. १२ मिमीचा स्टड ११० न्यूटन-मीटरला कोरड्या आट्यांवर आवळला तर त्यात साधारण ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ताण येतो. पाच स्टडचे मिळून बावीस-तेवीस टन. इतक्या दाबाखाली दोन स्वच्छ, सपाट पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नाहीत. आणि सरकत नाहीत तोवर नटही फिरत नाही.

आता हा ताण किती नाजूक आहे ते बघा. साडेचार टनांनी ताणलेला हा स्टड लांबतो किती? पकडीची लांबी, म्हणजे नटाखाली दाबल्या जाणाऱ्या भागांची एकूण जाडी, २५ मिमी धरली तर सुमारे ०.०६ मिमी. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. चाक गाडीला धरून ठेवणारी सगळी ताकद या एका केसाएवढ्या लांबीत साठवलेली असते. मध्ये कुठे रंगाचा थर दबला, गंजाचा पापुद्रा चिरडला, नटाची बैठक (नट जिथे टेकतो तो भाग) थोडी बसली आणि ०.०२ मिमी गेलं, तर एक तृतीयांश ताण गेला. नट मात्र जागचा हललेला नसतो. तो हलतो नंतर, ताण कमी झाल्यामुळे चाक सरकायला लागल्यावर. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे प्रयोगाने दाखवलं होतं: स्क्रूच्या अक्षाला आडव्या दिशेने जोड मागेपुढे सरकला की नट आपोआप उलटा फिरत जातो, आणि स्प्रिंग वॉशर त्याला थोपवू शकत नाही. पुरेसा ताण हाच त्यावरचा इलाज.

म्हणून मी नेहमी विचारतो, नट आधी फिरला की ताण आधी गेला? थ्रेडलॉकर किंवा दुसरा नट फक्त फिरणं थांबवेल. ताण गेलेलाच राहील, चाक सरकतच राहील, स्टड वाकतच राहतील. उलट नट जागेवर दिसतोय म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि कळेल ते थेट स्टड तुटल्यावर. ११० चे १४० केल्याने ज्या कारणाने ताण जातोय ते कारण जात नाही, आणि स्टड मात्र त्याच्या मर्यादेकडे सरकतो. एकदा तो कायमचा लांबला की कितीही आवळा, ताण धरत नाही.

बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये एक जोड नसतो, दोन असतात. स्पेसर मूळ स्टडवर आतल्या नटांनी हबला धरलेला असतो, आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर बाहेरच्या नटांनी. तुम्हाला दिसतात, हाताला लागतात ते बाहेरचे. आतले पाच चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांमध्ये मालकांनी बाहेरचे नट नियमाने तपासलेले असतात आणि आतल्यांना बसवल्या दिवसापासून कुणी हात लावलेला नसतो.

आणि खरी कमजोर जागा आतच असते. स्पेसरमध्ये नट खोलगट खड्ड्यात बसतो, खड्ड्याखाली उरलेलं अॅल्युमिनियम बहुधा दहा-बारा मिमी जाडीचं असतं. त्यात हब आणि स्पेसर यांच्यामध्ये असलेल्या ब्रेक डिस्कच्या मधल्या भागाची जाडी मिळवली तरी पकडीची लांबी सतरा-अठरा मिमीच भरते. लांबी कमी तर ताणणंही कमी, साधारण ०.०४ मिमी. म्हणजे ज्या ०.०२ मिमीने बाहेरच्या जोडाचा एक तृतीयांश ताण गेला असता, त्याने आतल्या जोडाचा निम्मा जातो. आतला जोड सैल झाला की स्पेसर आणि चाक मिळून डोलतात, आणि ते डोलणं बाहेरच्या नटांनाही सैल करू शकतं. तुम्ही बाहेरचे आवळत राहता, दुखणं आत असतं.

तेव्हा तपासणी अशी करा. गाडी थंड असू द्या. जमिनीवर असतानाच, काहीही सैल करण्याआधी, बाहेरच्या प्रत्येक नटावर आणि शेजारी चाकावर मिळून एक सरळ रेघ मारा. रंगाचा मार्कर चालतो. मग टॉर्क रेंच ११० ला लावून प्रत्येक नट आवळण्याच्या दिशेने हळू ओढा आणि क्लिक होण्याआधी रेघ किती सरकते ते लिहून ठेवा. कागदावर पाच वर्तुळं काढा आणि आकडे त्यात भरा. कुठल्या दोन नटांचं दुखणं आहे, ते शेजारी-शेजारी आहेत की समोरासमोर, यातून बरंच कळतं. शेजारचे दोन-तीन नट सैल असतील तर बहुधा त्या बाजूला पृष्ठभागांच्या मध्ये काहीतरी अडकलंय किंवा काहीतरी आधीच टेकतंय. पाचही सारखेच सैल असतील तर बैठक, रंग किंवा आवळण्याची पद्धत यांच्याकडे बघा.

मग गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढा, आतल्या नटांवर तशाच रेघा मारा आणि तोच प्रयोग करा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार फसवते. खड्ड्यात जाणारा पाना पातळ भिंतीचा हवा. जाड सॉकेट खड्ड्याच्या भिंतीला घासलं तर टॉर्क घासण्यातच खर्च होतो, रेंच क्लिक करतो आणि नट मात्र अर्धवट आवळलेला राहतो. खड्ड्याच्या भिंतीवर चकाकणारे गोल ओरखडे दिसले तर हेच झालंय असं समजा.

आता स्पेसरही काढा आणि सगळे भाग उजेडात शेजारी-शेजारी ठेवा. पुढचं निम्मं उत्तर धातूवर लिहिलेलं असतं.

तुमचा स्पेसर २० मिमीचा आहे म्हणून मला पहिला संशय मूळ स्टडच्या लांबीचा आहे. अनेक गाड्यांमध्ये स्टड डिस्कच्या पृष्ठभागापासून पंचवीस ते तीस मिमी बाहेर असतात. त्यावर २० मिमीचा स्पेसर बसला की टोकं पाच ते दहा मिमी स्पेसरच्या बाहेर डोकावतात. चाकाच्या मागच्या बाजूला दोन नटछिद्रांच्या मध्ये खोलगट कप्पे असतील तर ती टोकं त्यात मावतात. काही चाकांना असे कप्पे असतातच, काहींना नसतात, आणि काहींना असतात पण पुरेसे खोल नसतात. न मावल्यास चाक स्पेसरवर टेकण्याऐवजी पाच स्टडच्या टोकांवर टेकतं. नट आवळले जातात, रेंच क्लिक करतो, चाक हलत नाही, सगळं ठीक वाटतं. मग गाडी चालली की टोकं हळूहळू चाकाच्या मऊ धातूत रुततात आणि ताण निघून जातो. पुन्हा आवळलं की पुन्हा थोडी रुततात. तुमच्या ‘पुन्हा तेच’चं हे नेमकं वर्णन आहे.

हे शोधणं सोपं आहे. चाकाच्या मागच्या बाजूला, नटछिद्रांच्या मध्ये, गोल ठसे किंवा नवे चकाकते खड्डे आहेत का बघा. स्पेसर हबवर आवळून त्याच्या पृष्ठभागावर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून फिरवा. ती कुठे अडखळते, स्टडच्या टोकावर की नटाच्या डोक्यावर? नटाच्या डोक्यावर अडखळत असेल तर स्पेसरसोबत आलेले बुटके नट सोडून कुणीतरी गाडीचे नेहमीचे नट आत वापरलेत. शंका राहिली तर चाकाच्या मागच्या कप्प्यांत मऊ मातीचे गोळे चिकटवा, चाक हाताने बसवून दाबा, काढा आणि माती किती दबली ते मोजा. टोक आणि चाक यांच्यात निदान दोन मिमी मोकळी जागा हवी असा माझा दंडक आहे.

टोकं टेकत असतील तर दोन मार्ग आहेत. जाड स्पेसर घ्या, किंवा बुटके स्टड बसवा. स्टडची टोकं कापण्याची पद्धतही आहे, पण मग आतल्या नटात पूर्ण आटे भरतात ना हे आधी मोजा, आणि पुढे कधी स्पेसर काढून चाक थेट हबवर बसवायचं ठरलं तर ते स्टड आखूड पडतील हे लक्षात ठेवा. मी स्वतः कापण्यापेक्षा जाड स्पेसर सुचवतो, अर्थात टायर फेंडरला घासणार नसेल तर.

दुसरा संशय, स्पेसर हबवर सपाट बसतो का. हबच्या मध्यभागी जी गोल कॉलर उभी असते तिच्या मुळाशी बहुधा छोटी गोलाई असते. स्पेसरच्या आतल्या कडेला तेवढी तासलेली कड नसेल तर तो त्या गोलाईवर चढून बसतो आणि बाहेरच्या कडेला केसाएवढी फट राहते. तिथेच गंजाची पुटं साचतात. मूळ चाकाला त्याने फरक पडत नसेल, कारण त्याची आतली कड मोठी तासलेली असते. कधी डिस्क हबला धरून ठेवणारा छोटा स्क्रू वर आलेला असतो. कधी कारखान्यातून स्टडवर चढवलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा डिस्कवर राहून गेलेल्या असतात, आणि चाकात त्यांच्यासाठी जागा असते पण स्पेसरमध्ये नसते. यातलं काहीही मध्ये आलं तर तुम्ही स्पेसर नव्हे, ती क्लिप आवळताय.

हबचा आणि डिस्कचा चेहरा वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत साफ करा, कॉलरचा मूळचा कोपरा विसरू नका. मग डिस्कच्या चेहऱ्यावर मार्करने भरपूर रेघोट्या ओढा, स्पेसर हाताने दाबून थोडा मागेपुढे फिरवा आणि काढा. रेघोट्या सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या तर उत्तम. फक्त आतल्या वर्तुळात पुसल्या गेल्या तर स्पेसर गोलाईवर चढतोय. हाच प्रयोग स्पेसर आणि चाक यांच्यातही करा.

रंगाबद्दल वेगळं सांगायला हवं. स्पेसरवरचा अॅनोडायझिंगचा थर कठीण आणि पातळ असतो, त्याने त्रास होत नाही. पण चाक नव्याने पावडर कोटिंग केलेलं असेल आणि रंगवणाऱ्याने मागचा बसण्याचा भाग किंवा नटाच्या बैठका झाकल्या नसतील, तर तो जाड मऊ थर दाबाखाली दिवसेंदिवस पसरत राहतो. एका गृहस्थांची गाडी मी तीन आठवडे समजू शकलो नव्हतो. स्पेसर चांगला, स्टड चांगले, तरी दर दोनशे किलोमीटरला नट थोडे फिरायचे. शेवटी बैठकांमधला रंग खरवडला आणि त्यानंतर नट एकदाही हलले नाहीत. तेव्हापासून चाक हातात आलं की मी आधी बैठकेत नख फिरवतो.

बैठकांचीच पुढची गोष्ट. नटाचा टेकणारा भाग तीन प्रकारचा असतो: साठ अंशांचा कोन, गोलाकार, आणि वॉशरसह सपाट. चाकाला जी बैठक आहे तोच नट हवा. गोल बैठकेत कोनाचा नट घातला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना टॉर्क येतो, पण ती रेषा लवकरच चिरडते. चाकाच्या बैठकेत बघा: रुंद, सारखा पट्टा चमकतोय की फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला धाग्यासारखी रेघ? रेघ असेल तर नट चुकीचा. स्पेसर घेताना ही चूक फार होते, कारण स्पेसरसोबत येणारे नट बहुतेक कोनाचे असतात आणि गाडीची मूळ चाकं गोल बैठकेची असू शकतात. आतल्या नटांचंही तेच: स्पेसरच्या खड्ड्यात कोनाची बैठक असेल तर नटही कोनाचाच.

पिचही तपासा. १.५ पिचच्या स्टडवर १.२५ चा नट दोन-तीन आटे जातो आणि मग जड होतो. इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) हाताशी असेल तर तो जडपणा कळतच नाही, आटे फाडत नट जातो. प्रत्येक नट स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. आटे किती भरावेत याचा साधा नियम: स्टडच्या व्यासाइतकी लांबी. १२ मिमीच्या, १.५ पिचच्या स्टडवर ८ पूर्ण फेरे. १४ मिमीच्या, १.५ पिचच्या स्टडवर सव्वानऊच्या पुढे. नट बोटांनी फिरवताना फेरे मोजा.

याच्या उलट टोकाची चूक बंद तोंडाच्या नटांची. स्टड लांब असेल आणि नट टोपीसारखा बंद, तर स्टडचं टोक टोपीच्या आतल्या तळाला लागतं. नट थांबतो, रेंच क्लिक करतो, चाकावर दाब मात्र नावालाच. स्टडच्या टोकावर आणि नटाच्या आतल्या तळाशी घासल्याच्या खुणा दिसतील. लांब स्टड बसवून जे पातळ सपाट स्पेसर वापरतात त्यांच्याकडे हे जास्त आढळतं. उघड्या तोंडाचे नट वापरले की प्रश्न मिटतो.

सपाट स्पेसर, म्हणजे ज्यांना स्वतःचे स्टड नसतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. तिथे जोड एकच, पण पकडीची लांबी वाढते, त्यामुळे योग्य लांबीचे स्टड असतील तर तो जोड खरं तर जास्त सोशीक असतो. त्रास होतो तो मूळ आखूड स्टडवरच काम भागवल्यामुळे किंवा दोन स्पेसर एकावर एक ठेवल्यामुळे. ते कधीच करू नका. स्टडऐवजी बोल्ट असलेल्या गाडीत बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब हवा. आखूड असेल तर आटे भरत नाहीत, लांब असेल तर हबच्या मागे जाऊन काहीतरी घासतो. बोल्टच्या डोक्याखालची बैठक इथेही चाकाशी जुळली पाहिजे.

आता तुमच्या हातून आवळताना काय होत असेल त्याकडे. चाक बसवल्यावर जोरात ब्रेक मारत फेरफटका मारून लगेच, सगळं गरम असताना, नट तपासायची सवय अनेकांना असते. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. २५ मिमीच्या पकडीत ८० अंशांच्या फरकाला दोघांत ०.०२ मिमीहून थोडं जास्त अंतर पडतं. गरम असताना आवळलं तर थंड झाल्यावर तेवढा ताण गायब, म्हणजे वर सांगितलेला एक तृतीयांश. दरवेळी हातावर चटका बसेल इतकं गरम असताना तपासत असाल तर प्रत्येक वेळी स्वतःच नट सैल करताय. आवळायचं ते पूर्ण थंड असतानाच.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावत असाल तर ते थांबवा, गाडी बनवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं असेल तरच लावा. टॉर्कचा बहुतेक भाग, साधारण नव्वद टक्के, घर्षणावर खर्च होतो आणि जेमतेम दहा टक्के ताणात जातो. घर्षण कमी केलं की त्याच ११० ला स्टड खूप जास्त ताणला जातो. कॉलरवर, गंज धरू नये म्हणून, ग्रीसचं बारीक बोट फिरवायला हरकत नाही. दाबाने टेकणाऱ्या चेहऱ्यांवर नाही.

इम्पॅक्ट गनने आवळून मग टॉर्क रेंचने ‘तपासलं’ तर रेंच लगेच क्लिक करणारच. त्यातून इतकंच कळतं की टॉर्क ११० पेक्षा कमी नाही. तो २०० झालाय का हे रेंच सांगत नाही. गनने ताणून लांबलेल्या स्टडची एक खूण आहे: नट बोटांनी छान जातो, मध्येच जड होतो, पुन्हा मोकळा होतो. आट्यांवर पिच-गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) ठेवा, मध्ये उजेड दिसला तर तो स्टड गेला.

यानंतर काय ठेवायचं आणि काय टाकायचं. इथे मी कडक आहे. चाक सैल अवस्थेत चाललं असेल, आणि तुमचं चाललंय, तर त्या हबचे पाचही स्टड आणि सगळे नट बदला. जे धड दिसतात तेही वाकले आहेत. बाहेरून न दिसणारी चीर त्यांत असू शकते. एखाद्या गाडीत फक्त एकच स्टड तुटला असेल तर निदान त्याच्या दोन्ही शेजारचे बदलायचे, दोन तुटले असतील तर सगळे. चाकाची छिद्रं लंबगोल झाली असतील किंवा बैठका चिरडल्या असतील तर चाक टाका. वेल्डिंग करून छिद्र पुन्हा पाडून देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. स्पेसरच्या पृष्ठभागावर काळी भुकटी आणि घासून चकाकलेले डाग, किंवा पोलादी भागांवर लालसर तपकिरी भुकटी, ही सरकण्याची खूण आहे. ती फक्त डागांपुरती असेल आणि पट्टी ठेवल्यावर स्पेसर सपाट असेल तर साफ करून वापरता येतो. त्याच्या स्टडच्या मुळाशी चीर असेल, स्टड आपल्या जागी फिरत असेल किंवा छिद्र मोठं झालं असेल तर दोन्ही स्पेसर जोडीने बदला.

नवा स्पेसर घेताना त्याचं मधलं छिद्र हबच्या कॉलरवर घट्ट सरकणारं हवं, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला चाकासाठी तशीच कॉलर हवी. मधलं छिद्र मोठं असेल तर स्पेसर फक्त नटांच्या कोनांवर केंद्रित होतो आणि जरा बाजूला बसला की वेगात थरथर सुरू होते. गाड्यांच्या कॉलर ५४.१, ५७.१, ६०.१, ६६.१ मिमी अशा वेगवेगळ्या असतात. ५७.१ च्या हबवर ६०.१ चा स्पेसर ‘बसतो’, पण बसणं म्हणजे जुळणं नव्हे. व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या.

परत बसवण्याची पद्धत. चेहरे साफ, आटे कोरडे आणि स्वच्छ, गाडी थंड. स्पेसर हबवर हाताने पूर्ण दाबून बसतो का बघा, नटांनी ओढून बसवू नका. पाचही नट बोटांनी लावा. मग चांदणी काढतो तशा क्रमाने, एक सोडून एक, आधी ५० ला, मग ८० ला, मग शेवटच्या आकड्याला. आतल्या नटांचा आकडा स्पेसर बनवणाऱ्याने दिलेला असेल तो, नसेल तर गाडीच्या पुस्तकातला. हब फिरू नये म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. स्पेसर बनवणाऱ्याने आतल्या नटांसाठी थ्रेडलॉकर दिला असेल आणि वापरायला सांगितलं असेल तर त्याच्या सूचनेप्रमाणे वापरा, पण तो सगळ्या तपासण्या उरकल्यावर. आतल्या नटांवर रेघा मारा. मग चाक, तोच क्रम, शेवटचा टॉर्क टायर जमिनीला टेकवून, आणि बाहेरच्या नटांवरही रेघा.

ऐंशी ते शंभर किलोमीटर शांतपणे चालवा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी चाक काढून आधी आतले नट तपासा, मग चाक लावून बाहेरचे. हे चाक काढणं टाळण्याचा मोह होतो, कारण बाहेरचे नट तर घट्ट असतात. टाळू नका. थ्रेडलॉकर वापरला असेल तर तिथे रेंच ओढू नका, सुकलेला थर मोडतो, नुसती रेघ बघा. पहिल्या तपासणीत नट क्लिकआधी थोडासा फिरणं स्वाभाविक आहे, नवे पृष्ठभाग बसतात. पुढच्या शंभर किलोमीटरनंतर तो त्याहून कमी फिरला पाहिजे, आणि तिसऱ्यांदा अजिबात नाही. दरवेळी तेवढाच किंवा जास्त फिरत असेल तर काहीतरी अजून चिरडतंय किंवा सरकतंय, आणि वरच्या यादीतलं काहीतरी तुमच्या नजरेतून सुटलंय. अशा वेळी चौथ्यांदा आवळू नका. स्पेसर काढून ठेवा आणि कारण सापडेपर्यंत मूळ चाकावर मूळ नटांनी चालवा.

नट जागेवर राहिले आणि तरी ‘टक’ आवाज किंवा चाकात खेळ उरला तर तो दुसरीकडून येतोय. मागचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग ढिलं आहे. २० मिमी स्पेसरने चाक तितकं बाहेर गेलंय, ४५ ऑफसेटचं (ऑफसेट म्हणजे चाकाची मधली रेषा आणि त्याचा हबवर टेकणारा चेहरा यांतलं अंतर, मिमीमध्ये) चाक २५ चं झाल्यासारखं, आणि बेअरिंगवरचा भार त्या मानाने वाढलाय, तेव्हा हे अनपेक्षित नाही. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर टॉर्चने बघा: डिस्क स्थिर आणि चाक हलतंय, तर जोड अजून सैल आहे. डिस्क, चाक सगळं मिळून हलतंय तर सस्पेंशनचं बुश किंवा जॉइंट.

काढलेल्या स्पेसरच्या दोन्ही बाजू, चाकाची मागची बाजू आणि एका आतल्या नटाची बैठक यांचे जवळून फोटो काढून ठेवा, साफ करण्याआधी. आणि डिस्कपासून स्टडच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून लिहा. वाचून वाटतंय ते असं की तो आकडा २० पेक्षा बराच जास्त निघेल आणि चाकाच्या मागे पाच गोल ठसे सापडतील. ते सापडले नाहीत तर पुढचा शोध हबच्या कॉलरच्या मुळापासून सुरू करा.